टोंगळ्याची (गुडघ्याची) एसीएल तुटली, मंडईचे (दिवाळीनंतरच्या गावजत्रेचे) सामने तोंडावर : पोट्ट्याला खेळवायचं का?

मंडईचा_गडी (धागाकर्ता)

मंडळाच्या कबड्डी संघातला चढाईपटू. वय २०, वजन ६८ किलो. जूनमध्ये मातीवरच्या सामन्यात डावा पाय रोवून वळत होता, तेवढ्यात बाहेरून थाय होल्ड (मांडीची पकड) बसला. टोंगळा आत गेला, 'कट' असा आवाज आला आणि दोन तासांत टोंगळा नारळाएवढा फुगला. महिनाभर घरी होता. आता सूज नाही. चालते, सायकल चालवते, सरळ पळते. पण वळला की टोंगळा सटकते. आजवर तीनदा सटकला.

एमआरआय रिपोर्ट : एसीएल (टोंगळ्याच्या आतली आधाराची शीर) पूर्ण तुटली, आतल्या बाजूच्या मेनिस्कसला मागच्या टोकाला चीर.

डॉक्टर ऑपरेशन म्हणते. घरचे खेळ बंद म्हणतात. पोट्टा म्हणते, नी कॅप लावून दिवाळीनंतरची मंडई खेळतो, मग पाहू. वरून पोलीस भरतीची तयारी आहे आणि घरी तीन एकर धान. जाणकारांनी नीट सांगा. 'होईल सगळं बरोबर' वाले दूर राहा.

हाडजोड

मंडईचं आधी सांगतो : यंदा नाही. तीनदा सटकला, एवढ्यावरच हा निर्णय होतो.

एसीएल नसलेला टोंगळा सटकतो तेव्हा नडगीचं हाड पुढे सरकून फिरतं आणि मेनिस्कस, म्हणजे आतली गादी, दोन हाडांमध्ये चिरडते. आज मागच्या टोकाला चीर आहे, ती कदाचित टाके घालून शिवता येईल. आणखी दोन-चारदा सटकला की चीर लांबत जाते आणि सुटलेला पट्टा उलटून सांध्यात अडकतो. मग पाय सरळच होत नाही, आणि पुष्कळदा तो पट्टा कापूनच काढावा लागतो. एसीएलच्या जागी दुसरी शीर बसवता येते. कापलेली गादी परत येत नाही, आणि लवकर येणाऱ्या झिजेला वाट तिथूनच मिळते.

सूज गेली म्हणजे शीर जुळली असं समजू नका. एसीएल सांध्याच्या पाण्यात असते, तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गाठ टिकत नाही, म्हणून ती सहसा आपोआप नीट जुळत नाही. उद्या टोंगळा एकाएकी अडकला, सरळच होईना, तर मालिश करत बसू नका. त्याच आठवड्यात ऑर्थोपेडिककडे न्या.

धुऱ्यावरून

नी कॅपचं काय मग? इकडं तर अर्धे प्लेअर लावूनच उतरतात.

फिजिओताई

ताणणारी कापडी कॅप टोंगळा उबदार ठेवते आणि सांध्याची जाणीव थोडी वाढवते, बस. नडगीचं हाड पुढे सरकणं ती थांबवू शकत नाही. कमरेला उपरणं बांधून खांब पडायचा थांबत नाही, तसंच.

आणि सामन्याआधी 'सुई' मारून खेळवायचा बेत कोणाच्या डोक्यात असेल तर तो आत्ताच काढून टाका. या पोराला दुखत नाहीच आहे, त्याला अस्थिरता आहे. डायक्लोफेनॅकनं (दुखणं दाबायच्या औषधानं) शीर जुळत नाही. उलट गादी फाटतानाची जी कळ त्याला थांबवेल, तीच बंद होते.

कोपरारक्षक (पंच)

बिजागरीचा, धातूच्या पट्ट्यांचा ब्रेस घालून मैदानात यायचा विचारही करू नका. पकडीत समोरच्याच्या तोंडाला, बोटांना लागतो. मी तर उतरवायलाच लावेन.

धुऱ्यावरून

बरं, पण सगळेच ऑपरेशन करतात का? बिना ऑपरेशनचे खेळणारे पण आहेत म्हणतात. आणि कुस्तीवाली विनेश फोगाट पाहा. २०१६ च्या रिओमध्ये टोंगळा गेला, २०१८ च्या एशियाडमध्ये सोनं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा ऑपरेशन आणि २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकच्या फायनलपर्यंत.

फिजिओताई

दोन वेगळे प्रश्न आहेत, वेगवेगळे घेते.

बिना ऑपरेशनचं : हो, काही लोकांचं निभतं. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. एका गटाचं लवकर ऑपरेशन आणि व्यायाम, दुसऱ्या गटाला आधी नुसता व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या तक्रारी साधारण सारख्याच निघाल्या. पण पाच वर्षांत दुसऱ्या गटातल्या निम्म्या लोकांना ऑपरेशन करून घ्यावंच लागलं. बिना ऑपरेशन कोण निभावतं, याची साधी चाळणी अशी : दुखापतीनंतर एकदापेक्षा जास्त सटकलेला नसावा, एका पायाच्या उडीत दुखरा पाय चांगल्याच्या ८० टक्क्यांपुढे असावा आणि रोजच्या कामात अडचण नसावी. आपला गडी पहिल्याच अटीत बाद झाला. शिवाय गादीला चीर आहे आणि खेळ कबड्डी आहे, जिथे दर चढाईला रोवणे-वळणे आहे.

विनेशचं : उदाहरण खरं आहे, पण त्यातला अर्धाच भाग लोक सांगतात. त्या पातळीच्या खेळाडूच्या मागे रोजचा फिजिओ, ताकदीचा प्रशिक्षक, आहार, सगळं असतं. आपल्या गड्याजवळ काय आहे, ते आधी मोजा. माझ्या मते खरा प्रश्न 'ऑपरेशन करायचं का' हा नाहीच. ऑपरेशन दीड-दोन तासांचं. त्यानंतरचे नऊ ते बारा महिने आठवड्यातून चार-पाच दिवस व्यायाम गावात होणार का, हा प्रश्न आहे. होणार नसेल तर खेळासाठी ऑपरेशन करू नका. पैसे आणि एसीएलच्या जागी बसवायला काढलेली मांडीची शीर, दोन्ही वाया जातील.

मंडईचा_गडी

नऊ महिने? डॉक्टर सहा म्हणाले होते.

हाडजोड

सहा महिन्यांत पाय चांगला *वाटतो*. घोटाळा तिथेच आहे.

नवी शीर बसवली की ती आधी मरते. रक्तपुरवठा तुटलेला असतो. मग हळूहळू नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि तंतू पुन्हा रचले जातात. साधारण ६ ते १२ आठवड्यांच्या काळात ती सगळ्यात कमजोर असते, आणि नेमकी तेव्हाच सूज-दुखणं गेल्यामुळे पोरं पळायला लागतात. हाडातल्या बोगद्यात शीर धरायलाच ८ ते १२ आठवडे जातात, आतली रचना पक्की व्हायला वर्षाच्या पुढे.

नऊचा आकडा हवेतला नाही. २०१६ चा नॉर्वे-अमेरिकेचा अभ्यास आहे : नवव्या महिन्यापर्यंत मैदानावर जाणं जेवढे महिने लांबवलं, तेवढं दर महिन्याला पुन्हा दुखापतीचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं. नऊच्या पुढे वाट पाहून तसा फायदा दिसला नाही. म्हणजे सहाव्यात उतरणारा आणि नवव्यात उतरणारा यांच्यात तीन महिन्यांचा नाही, कित्येक पटींचा फरक आहे.

घरच्यांसमोर हेही मांडा : ऑपरेशननंतर स्पर्धात्मक खेळात परतणारे साधारण ५५ टक्के. पंचविशीच्या आतले जे परततात, त्यांच्यात दर चार-पाच जणांमागे एकाची एसीएल पुन्हा तुटते, त्याच पायाची किंवा *दुसऱ्या* पायाची. दुसऱ्या पायाचं कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पीटी_मॅडम

मुलींच्या संघांसाठी एक ओळ जोडते. वळण्या-उडीच्या खेळात मुलींमध्ये एसीएल तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा दोन ते आठ पट सांगितलं जातं. उडीवरून उतरताना टोंगळे एकमेकांकडे झुकतात, ते समोरून मोबाइलवर व्हिडिओ काढला की लगेच दिसतं. आठवड्यातून दोन-तीनदा २० मिनिटांचा '११ प्लस' सराव शाळेच्या मैदानात होतो. त्यात नॉर्डिक हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागच्या भागाचा व्यायाम), एका पायावर तोल, उडी मारून मऊ उतरणं आहे. साहित्य शून्य. त्याने टोंगळ्याच्या दुखापती कमी होतात, हे फुटबॉलमध्ये तपासलेलं आहे. आपल्याकडे वॉर्मअप म्हणजे मैदानाला दोन चकरा आणि 'गणपती बाप्पा'.

कोपरारक्षक (पंच)

कोणी म्हणेल चढाई सोडून पकडीत खेळव. त्याआधी कुठल्या जागेवर टोंगळ्याला काय सोसावं लागतं ते पाहा.

चढाईत सगळ्यात वाईट बोनस, म्हणजे बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण. समोर सहा किंवा जास्त गडी असतानाच तो मिळतो. एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला, मागचा पाय हवेत, आणि तिथून त्याच टेकलेल्या पायावर उलट वळून परत. ती एका पायाची उडी आणि वळण, दोन्ही एकाच वेळी. डुबकीत (पकडणाऱ्यांच्या हाताखालून वाकून निसटताना) टोंगळा पूर्ण वाकतो आणि पाठीवर तीन माणसं. कोपऱ्यावर अँकल होल्डसाठी खाली बसून एका पायावर फिरावं लागते. कव्हरला डॅशमध्ये (चढाईपटूला धडकून बाहेर ढकलताना) दोन अंगं आदळतात, पाय कुठे पडेल याचा नेम नाही. सुरक्षित जागा एकच आहे, ती म्हणजे गुणलेखकाची.

मैदानाचं पण पाहा. माती चाळलेली नसेल, खडे असतील, संध्याकाळी ऐनवेळी पाणी मारलं असेल तर वरचा थर चिकट होतो, पाय रुततो आणि अंग फिरते. पाणी आदल्या रात्री मारा, सकाळी खरडून सारखं करा. मॅटच्या तुकड्यांच्या जोडणीत फट राहिली की बोट अडकते, टेप मारा. आणि मंडईच्या दिवसांत रात्री अकरानंतर दव पडते, मॅट काचेसारखी होते. दर सामन्याआधी कोरड्या कापडानं पुसायला दोन पोट्टे बसवा. मॅटचे बूट मॅटवरच, मातीत फिरवून आणलेले नाही.

आणखी एक आमच्याच लोकांची खोड : बाद फेरीच्या सामन्यांत एका रात्री तीन-चार सामने, मधे दोन-दोन तास थंडीत शेकोटीपाशी, आणि मग वॉर्मअप न करता सरळ रेड. थकलेला आणि गारठलेला पाय वळणावर धोका देतो.

भरतीवाला

पोलीस भरतीचा हिशोब वेगळा लावा. पुरुषांची मैदानी ५० गुणांची : १६०० मीटर २०, १०० मीटर १५, गोळाफेक १५. दोन्ही धावा जवळपास सरळ रेषेतल्या. मांडी ताकदीची केली तर एसीएल नसतानाही जमू शकतात. गोळ्यात मात्र जपा. उजव्या हाताचा असेल तर ७.२६० किलोचा गोळा टाकताना डावाच पाय पुढे रोवून अंग त्यावर फिरते, आणि याचा दुखरा पाय डावाच आहे. सरकून किंवा गोल फिरून टाकू नका, जागेवरून टाकायची सवय करा. चार-दोन गुण गेले तरी चालतील.

खेळाडू आरक्षण ५ टक्के आहे, पण त्यासाठी मान्य स्पर्धेतलं, ठरलेल्या पातळीचं प्रमाणपत्र लागते आणि त्याची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते. मंडईच्या इनामी सामन्याचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही. त्यामुळे 'नोकरीसाठी यंदा मंडई खेळलीच पाहिजे' असं पोट्टा सांगत असेल तर त्याला हे दाखवा. मेडिकलमध्ये ऑपरेशन लपवू नका, टोंगळ्यावरचे टाके शर्टाखाली जात नाहीत.

मंडईचा_गडी

हे कामाचं सांगितलं भाऊ. समजा घरचे वर्षभर द्यायला तयार झाले. ऑपरेशनआधी डॉक्टरला काय विचारायचं? आणि खर्चाचं?

हाडजोड

चार गोष्टी विचारा.

शीर कुठून घेणार? मांडीच्या मागची हॅमस्ट्रिंग, वाटीखालची पटेलर टेंडन, वाटीवरची क्वाड्रिसेप्स, की पोटरीच्या बाहेरची पेरोनियस लाँगस. पटेलर टेंडन काढल्यावर टोंगळे टेकताना वाटीपुढे दुखत राहू शकतं. घरी धान आहे म्हणजे निंदणीला, बांधावर टोंगळा टेकणं आलंच, हे डॉक्टरला मुद्दाम सांगा. हॅमस्ट्रिंग काढली तर पूर्ण वाकलेल्या स्थितीतली ताकद काही काळ कमी राहते, म्हणजे डुबकीवाल्याला अडचण. तोट्याशिवाय कुठलीच नाही.

जाडी किती मिळेल? हॅमस्ट्रिंगची शीर ८ मिमीपेक्षा बारीक निघाली तर पुन्हा तुटायचा धोका जास्त. बारीक निघाली तर काय करणार, हे आधीच विचारून ठेवा.

बाहेरच्या बाजूचा जादा आधार, म्हणजे लॅटरल टेनोडेसिस, करणार का? विशीतल्या, वळणाच्या खेळातल्या, जास्त सैल टोंगळ्याच्या खेळाडूत हॅमस्ट्रिंगसोबत तो केल्याने शीर निकामी होण्याचं प्रमाण कमी झालेलं आहे.

गादी शिवणार की कापणार? शिवली तर पहिले चार ते सहा आठवडे वजन टाकण्यावर आणि ९० अंशांपुढे वाकवण्यावर बंधन येतं. उकिडवं बसणं चार महिने तरी विसरा. घरात कमोड नसेल तर खुर्चीवाला आणून ठेवा. ही बारीक गोष्ट वाटते, पण शिवलेली गादी तिथेच उसवते.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भरती व्हायच्या *आधी* भेटा. एमआरआय रिपोर्ट, रेशन कार्ड, आधार सोबत. हे ऑपरेशन त्या रुग्णालयात योजनेत बसतं का आणि शीर अडकवायच्या स्क्रू-बटनचे पैसे वेगळे लागतील का, हे स्पष्ट विचारा. नागपूरचं मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज), सेवाग्राम, सावंगी, तुमच्याकडून जे जवळ पडेल तिथे चौकशी करा. पण महिन्यातून दोनदा फिजिओला दाखवायला जाता येईल का, यावर ठिकाण ठरवा. बसवलेल्या स्क्रू-बटनचे स्टिकर डिस्चार्जच्या कागदावर चिकटवून घ्या, पुढच्या कुठल्याही एमआरआयला लागतात.

धुऱ्यावरून

आणि नऊ महिने झाले की उतरायचं?

फिजिओताई

कॅलेंडर एकटं पुरत नाही, कसोट्या लागतात. गावात मशीन नसलं तरी चुना आणि टेप पुरतो.

एका पायाची लांब उडी : चुन्याची रेघ, त्याच पायावर उडी, उतरल्यावर दोन सेकंद न हलता थांबायचं, तरच मोजायची. दोन्ही पायांच्या तीन-तीन, सगळ्यात लांब धरा. दुखऱ्याची भागिले चांगल्याची, गुणिले शंभर. चांगला १६० सेंमी आणि दुखरा १३६ म्हणजे ८५ टक्के, नापास. ९० हवेत. मग तीन सलग उड्या, रेघेवरून आडव्या तीन उड्या आणि त्याच पायावर उड्या मारत ६ मीटर, वेळ मोजून.

पण नुसत्या उडीवर भुलू नका. कुल्हा आणि घोटा वापरून पोरं उडी मारतात, मांडी कमजोरच राहते. म्हणून जिममधल्या लेग एक्स्टेन्शनवर एकेका पायाने किती वजन उचलतो ते वेगळं मोजा, तिथेही ९० टक्के हवं. आणि नऊ महिन्यांत चांगला पायसुद्धा कमजोर होतो, म्हणून त्याचे आकडे *ऑपरेशनआधीच* लिहून ठेवा. तुलना त्या जुन्या आकड्याशी करा, नाहीतर दोन कमजोर पाय एकमेकांना पास करतात.

पळणं साधारण तीन महिन्यांनंतर, तेही सूज शून्य, पाय पूर्ण सरळ आणि मांडीची ताकद चांगल्या पायाच्या ७० टक्क्यांवर असेल तरच. सपाट रस्त्यावर, धुऱ्यावरून नाही. उड्या चौथ्या-पाचव्यात, वळणं सहाव्यानंतर. दुखणं दहापैकी तीनच्या आत चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी टोंगळा भरलेला दिसला तर कालचं काम निम्म्यावर आणा.

नवव्यानंतरही थेट सामना नाही. रिकाम्या मैदानात चढाई, मग एक बचावपटू आणि फक्त हातस्पर्श, मग तीन, मग पूर्ण सात जणांचा सराव किमान तीन-चार आठवडे. पहिला सामना दहा मिनिटांचा. पहिल्या हंगामात रात्री एकच सामना. आणि ३० सेकंदांच्या चढाईत तो दुखऱ्या पायावर वळायचं टाळतोय का, हे कडेला उभं राहून पाहा. टाळत असेल तर मनाने तो अजून तयार नाही, बाहेर बसवा.

मंडईचा_गडी

आज पोट्ट्याला बसवून सगळं वाचून दाखवलं. तोंड पडलं, पण मंडईचं नाव सोडलं. दसऱ्यापर्यंत ऑपरेशनची तारीख घ्यायची म्हणतात घरचे. तोवर उद्यापासून काय करू?

फिजिओताई

तारीख घ्यायच्या आधी दोन मापं पाठवा.

एक, खाटेवर पालथा झोपवा, मांड्या खाटेवर, टोंगळ्याखालचे पाय काठाबाहेर मोकळे. दोन्ही टाचांच्या उंचीत किती सेंमी फरक आहे? दोन, वाटीच्या वरच्या काठापासून १५ सेंमी वर दोन्ही मांड्यांचा घेर.

मंडईचा_गडी

डावी टाच ४ सेंमी वर राहते. घेर : उजवा ५२, डावा ४९.

फिजिओताई

म्हणजे पाय चार-पाच अंश सरळ व्हायचा बाकी आहे आणि मांडी ३ सेंमीने बारीक झालेली आहे. न सरळ होणारा टोंगळा ऑपरेशनला नेला तर नंतर आखडायचा धोका वाढतो. आधी हे.

पाठीवर झोपून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, टोंगळा हवेत सोडायचा, दहा मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. त्याच स्थितीत मांडी आवळून दहा सेकंद धरणं, वीसदा. सरळ पाय उचलणं, टोंगळा जराही न वाकता, १५ चे तीन सेट. सायकल, सीट उंच करून, २० मिनिटं. खुर्चीवरून दोन पायांनी उठबस, मग हळूहळू वजन डाव्यावर. उड्या, वळणं, डोक्यावर धानाचे भारे घेऊन बांध ओलांडणं बंद. कापणीला घरच्यांनी दुसरा माणूस बघावा.

आणि एक पाहून सांगा : टाच खाली दाबली की शेवटी कसं अडतं? टोंगळ्यामागे शीर ताणल्यासारखं, की मधेच रबरासारखं उसळून परत येतं?

मंडईचा_गडी

आत्ताच दाबून पाहिलं. रबरासारखं. आतल्या बाजूला टोचते म्हणतो.

हाडजोड

मग दसऱ्याची वाट नको, टॉवेलची गुंडाळीही नको. दाबून सरळ करायचा प्रयत्न थांबवा. ती गादी अडकत असल्याची शंका आहे. एमआरआयची फिल्म घेऊन, नुसता कागद नाही, या आठवड्यात दाखवा. जाताना कुबडी द्या.

मंडईचा_गडी

सोमवारी सकाळच्या एसटीनं निघतो. पाहून आलो की इथंच लिहितो.